गाडी-सल्ला : सहा लाखांत पळणारी हॅचबॅक

प्रश्न : नमस्कार काका. मी पाथर्डी फाट्याला राहतो, अंबडला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. वय २७. घरी बाबांची वॅगनआर आहे, पण मला स्वतःच्या कमाईची, जरा पळणारी गाडी घ्यायचीय. बजेट सगळं मिळून सहा लाख. चार गाड्या बघून ठेवल्यात. २०१४ची पोलो जीटी टीएसआय ऑटोमॅटिक (चार ऐंशी), २०१८ची बलेनो आरएस (पाच तीस), २०१६ची अबार्थ पुंटो (पाच नव्वद) आणि २०२०ची पोलो एक लिटर टीएसआय मॅन्युअल (सहा पन्नास, मालक थोडं कमी करेल). रोज कामावर जाणं-येणं, रविवारी इगतपुरी, त्र्यंबक, कधीतरी सापुतारा. चारही टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या. बाबा म्हणतात, टर्बो म्हणजे खर्चाला आमंत्रण. कोणती घेऊ?

उत्तर : बलेनो आरएस घे. पण खाली सांगतो ते तपासल्याशिवाय टोकन देऊ नकोस.

आधी पैशांचं बोलू. सहा लाख बजेट असेल तर गाडी सव्वापाचाच्या आत बसली पाहिजे. उरलेले पाऊण लाख पहिल्या तीन महिन्यांत लागतात : टायर, ब्रेक पॅड, सगळी ऑइलं, बॅटरी, विमा, आरटीओ. पळणारी गाडी आधीच्या मालकाने पळवलेलीच असते. त्यामुळे साध्या गाडीपेक्षा तिचे टायर, ब्रेक आणि क्लच लवकर झिजलेले असतात. सगळे पैसे गाडीत घालून मग गुळगुळीत टायरवर पावसाळ्यात घाटनदेवीकडे निघालेली मुलं मी बघतो, तेव्हा फार काळजी वाटते. म्हणूनच सहा पन्नासची पोलो मी बाजूला ठेवली. गाडी सुरेख आहे. ११० पीएसची ताकद, १७५ न्यूटन मीटरचा ओढा, सहा गिअर. चाकणला बनलेल्या पोलोंपैकी रोजच्या वापराला मला हीच सगळ्यात जास्त पटते. पण तुझ्या सहा लाखांत ती बसत नाही, आणि पन्नास हजार इकडचे तिकडचे करून बसवू नकोस. वर्षभर थांबून आणखी लाखभर साठणार असतील, तर मात्र तीच घे.

आता आरएस. मार्च २०१७ला आली आणि जानेवारी २०२०मध्ये बंद झाली. एक लिटरचं तीन सिलिंडरचं बूस्टरजेट टर्बो इंजिन, १०२ पीएस, १५० न्यूटन मीटर, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. हे आकडे कागदावर मोठे वाटत नाहीत. पण गाडीचं वजन आहे फक्त ९५० किलो, आणि तिचा पिकअप त्यातच आहे. त्र्यंबक रोडला पुढे द्राक्षांच्या क्रेटने भरलेला पिकअप टेम्पो असला की तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या वर पाय दे. ओव्हरटेक किती कमी अंतरात होतो ते बघ. साध्या बलेनोला मागे ड्रम ब्रेक असायचे, हिला चारही चाकांना डिस्क आहेत. सर्व्हिसला गावोगाव मारुतीचं जाळं आहे. इंजिनचे खास पार्ट मागवावे लागतात, पण पॅड, फिल्टर, सस्पेन्शनची बुशं यांसाठी रडावं लागत नाही. बाबांना हे सांग, त्यांचा निम्मा विरोध मावळेल.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी बघायची. ऑक्टोबर २०१६ ते नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या ७,२१३ आरएस मारुतीने एप्रिल २०२३मध्ये परत बोलावल्या होत्या. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्युम पंपात दोष असण्याची शक्यता होती. तो पंप दगा देऊ लागला की ब्रेकचं पेडल एरवीपेक्षा जास्त जोर लावून दाबावं लागतं. तुझी २०१८ची त्याच काळातली आहे. मालकाकडून चासी नंबर घे आणि मारुतीच्या नेक्सा सर्व्हिस सेंटरला विचार, हे काम झालंय का. झालं नसेल तर मालकालाच करून आणायला सांग, मग पुढचं बोल. ‘ब्रेक तर मस्त लागतात’ या उत्तरावर समाधान मानू नकोस.

जीटी टीएसआय सोडून दे. १०५ पीएसचं १.२ लिटर इंजिन छान आहे, अडचण गिअरबॉक्सची आहे. तो सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक बॉक्स, ड्राय क्लचचा आहे. ऑइलमध्ये बुडालेले क्लच उष्णता सहन करतात, हे कोरडे क्लच रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतात. संध्याकाळी द्वारका चौकात पहिल्या गिअरमध्ये वीतभर पुढे, पुन्हा ब्रेक, असं रोज अर्धा तास केलं तर त्यांचं काय होत असेल? शिवाय गिअर बदलणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं की बिल लाखाच्या पुढे जातं. इतक्या जुन्या गाडीत ते बदललेलं नसेल तर बदलायची वेळ तुझ्या वाट्याला येणार. ते आणि क्लच अलीकडे बदलल्याची पक्की बिलं असतील तरच ती गाडी बघण्यासारखी.

अबार्थबद्दल लिहिताना मन जड होतं. आपल्याकडे या किमतीत इतकी जिवंत गाडी दुसरी आली नाही. १४५ पीएस, २१२ न्यूटन मीटर, हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडा न् खडा हाताला कळतो. रांजणगावला फियाटच्या कारखान्यात बनायची. फियाटने भारतात गाड्या विकणं बंद केलं, पण इंजिनचं काम करणारी जाणकार माणसं आहेत. हिचं टी-जेट इंजिन फियाटच्या लिनियामध्येही होतं, त्यामुळे तिथून काही पार्ट जुळतात. अडतं ते पत्रा आणि काचेपाशी. बंपर, हेडलाइट, दाराचं हँडल फुटलं की पार्ट शोधत बसावं लागतं, आणि तोवर तू अंबडला रिक्षाने जाणार. घरात दुसरी गाडी असेल, पार्किंग बंदिस्त असेल आणि वाट बघायची तयारी असेल, तर जरूर घ्यावी. एकुलती एक, रोज कामावर नेणारी गाडी म्हणून नको.

आता तपासणी. मालकाला आदल्या दिवशीच सांग : सकाळी सातला येतो, मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लाव. गरम लागलं तर तिथेच विचार, का चालू केली होती. थंड इंजिन चालू होताना खडखडाट होतो का, एक्झॉस्टमधून निळसर धूर येतो का, ते बघ. थंडीच्या दिवसांत पांढरी वाफ येतेच, तिची भीती नको. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि ते टर्बोच्या सीलमधून आलेलं असू शकतं. मेकॅनिककडून इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) पाइप काढून घे. आत ऑइलचा हलका ओलावा चालतो, थेंब साचलेले चालत नाहीत.

मग क्लच. रिकामा सरळ रस्ता बघ, चौथ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमला गाडी स्थिर कर आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाब. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग मात्र सावकाश वाढला, तर क्लच घसरतोय. आरएससारख्या कमी किलोमीटरच्या गाडीत क्लच घसरत असेल तर बहुतेक वेळा रिमॅप करून ताकद वाढवलेली असते. विकताना मालक सॉफ्टवेअर पुन्हा मूळ करून घेतात, एक्झॉस्टही कंपनीचा बसवतात. पण बसवलेल्या क्लॅम्पचे बोल्ट नवेकोरे चमकत असतात. खाली वाकून बघ.

स्कॅनर लावल्याशिवाय टर्बो गाडी घेऊ नये. आणि नुसता ‘फॉल्ट नाही’ एवढा निकाल पुरत नाही. माझ्या सातपूरच्या गॅरेजात एक पोलो तपासायला आली होती. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही, विकणारा खूश. मी रेडिनेस मॉनिटरचं पान उघडलं. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, इव्हॅप (पेट्रोलची वाफ पकडणारी यंत्रणा), तिन्हींपुढे ‘अपूर्ण’. या चाचण्या गाडी स्वतः चालता चालता पूर्ण करते, त्याला काही दिवसांचं साधं रनिंग लागतं. सगळ्याच अपूर्ण असतील तर एक तर बॅटरी काढली होती, नाही तर नुकतेच कोड पुसलेत. बॅटरीच्या टर्मिनलवरची धूळ जशीच्या तशी होती. घेणाऱ्याला म्हटलं, चार दिवस मालकालाच वापरू द्या, मग परत आणा. चार दिवसांनी टर्बोच्या बूस्टचा कोड हजर होता.

किलोमीटर मागे घेतलेत का, हे मीटरवरून कळत नाही. स्टिअरिंगचं कातडं, क्लच पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघ. सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन प्रत्येक सर्व्हिसचे किलोमीटर काढून घे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. टायर सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नक्षी कितीही दिसो, नवे चार टायर किमतीतून वजा कर. आणि ब्रेक ऑइल घेतल्या घेतल्या बदल. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो. शहरात काही जाणवत नाही. कसारा उतरताना सलग ब्रेक दाबले की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली मऊ पडतं. घाट उतरताना तिसऱ्या, गरज पडली तर दुसऱ्या गिअरवर गाडी धरायची, ही सवय पहिल्याच रविवारपासून लाव.

गाडी नाशिकचीच असेल तर पाण्याचंही बघ. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठे पूर आले. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढलं ते सगळ्यांनी पाहिलं, पण नदीकाठच्या पार्किंगमधल्या गाड्यांत ते कुठवर गेलं हे विकताना कोणी सांगत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. धुतलेल्या गाडीतही ती जात नाही, कारण तेवढा बेल्ट कोणी बाहेर काढतच नाही.

हे सगळं नीट निघालं तर पाच पंधरावर बोलणी सुरू कर.

प्रश्न : मी गंगापूर रोडला राहते, शिक्षिका आहे, वय ४६. गाडी चालवणं हा माझा छंद आहे, हे लोकांना सांगितलं की ते हसतात. ह्युंदाईची जुनी आय-ट्वेंटी एन लाइन घ्यायचीय. एकात क्लच पेडल नाही पण गिअर हाताने टाकायचे आहेत, दुसरी पूर्ण ऑटोमॅटिक आहे. कोणती?

उत्तर : ताई, हसणाऱ्यांना हसू द्या. नीट चालवणारी माणसं मला गॅरेजमध्ये टायरवरून ओळखू येतात, त्यात वयाचा काही संबंध नसतो.

एन लाइन सप्टेंबर २०२१ला आली. दोन्हींत एक लिटर टर्बो, १२० पीएस, १७२ न्यूटन मीटर. तुम्ही म्हणता ती पेडल नसलेली आयएमटी. लिव्हरला हात लावला की गाडी स्वतः क्लच दाबते. गर्दीत पायाला आराम आहे, पण चालवायची हौस असलेल्या माणसाला गिअर टाकताना मधे अर्धा क्षण गाडी विचार करतेय असं वाटत राहतं. ऑटोमॅटिक म्हणजे सात गिअरचा डीसीटी, तोही दोन क्लचचा. तो झटपट आहे, पण रांगत्या ट्रॅफिकबद्दल वर पोलोच्या बाबतीत लिहिलं तीच काळजी इथेही घ्यायची. पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकायचं नाही, जागा होऊ द्यायची आणि मग एकदम पुढे जायचं.

तुमचा छंद खरा आहे म्हणून तिसरा पर्याय सुचवतो. २०२३च्या फेसलिफ्टपासून एन लाइनला सहा गिअरचा खराखुरा मॅन्युअल बॉक्स मिळाला. तो आता सेकंडहँड बाजारात येऊ लागलाय. दिंडोरी, वणी करत सापुताऱ्याचा घाट चढताना दुसरा-तिसरा स्वतःच्या पायाने आणि हाताने टाकण्यात जी मजा आहे, ती बाकीच्या दोन्हींत नाही. थोडं थांबून तीच शोधा.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतहून लिहितोय. द्राक्षबाग आहे, मुंबई-नाशिक फेऱ्या भरपूर. एका एजंटकडे दिल्ली पासिंगची पोलो जीटी टीडीआय (डिझेल) २०१६ची आहे, इथल्या भावापेक्षा लाखभर स्वस्त. घ्यावी का?

उत्तर : दादा, गाडी चांगली, भाव फसवा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आहे, म्हणून तिथले मालक त्या बाहेर काढतात. तुमच्या दारात ती गाडी येईपर्यंत दिल्लीच्या आरटीओची एनओसी, इथलं नवं रजिस्ट्रेशन, आणि वयाप्रमाणे महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो. डिझेलला तो पेट्रोलपेक्षा जास्त आहे. हे सगळं जोडलं की लाखातले किती उरतात ते कागदावर मांडून बघा. एजंट ‘एनओसी मागून येईल’ म्हणाला तर उठून घरी या. एनओसी हातात, त्यावर चासी नंबर बरोबर, मगच पैसे.

इथलीच एमएच १५ची टीडीआय मिळाली तर मात्र तुमच्या कामाला ती फार छान. २५० न्यूटन मीटरचा ओढा आहे, कसारा चढताना गिअर उतरवायचीही गरज पडत नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते बिलासकट विचारा. हे काम पुढे ढकलायचं नाही, बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच जातं. इंजेक्टर काढून बेंचवर तपासून घ्या. आपल्या नाशिकला हे सोपं आहे. डिझेलचे इंजेक्टर आणि नॉझल बनवण्यात या शहराच्या पिढ्या गेल्यात, सातपूर-अंबडला हे काम डोळसपणे करणारी माणसं सहज भेटतात.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा, नुकती नोकरी लागली. टर्बो गाडीचा हट्ट धरलाय. आम्ही नाशिकरोडला राहतो, त्याला रोज सिन्नरला जावं लागतं. वडील म्हणून भीती वाटते. नाही म्हणावं का?

उत्तर : नाही म्हणालात तर तो मित्राची चालवेल, आणि ती कोणत्या अवस्थेत आहे हे तुम्हाला कळणारही नाही. त्यापेक्षा गाडी तुम्ही दोघांनी मिळून निवडा.

त्याला टाटाची अल्ट्रोझ आय-टर्बो दाखवा. जानेवारी २०२१ला आली. ११० पीएस, १४० न्यूटन मीटर, मॅन्युअल. आरएसइतकी चपळ नाही, पण पुणे हायवेला पुरून उरेल एवढी ताकद आहे. आणि अल्ट्रोझला २०२०मध्ये ग्लोबल एनकॅपच्या, गाडी आदळून बघायच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार मिळालेत. पोलोला २०१४मध्ये दोन एअरबॅगसह चार स्टार होते, तीही चालेल. पण त्या वर्षी आधी बिनएअरबॅगची पोलो तपासली, तेव्हा तिला शून्य मिळालं होतं. जुन्या पोलोंत खालच्या व्हेरिएंटला एअरबॅग नसायच्या, त्यामुळे नुसतं नाव बघून घेऊ नका.

ठोकलेली गाडी तर अजिबात नको, कितीही स्वस्त असो. दाराचं रबर हाताने थोडं ओढून खालचे वेल्डिंगचे ठिपके बघा. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर, गोल आणि स्वच्छ असतात. वेडेवाकडे किंवा पुट्टीखाली झाकलेले दिसले की त्या गाडीचा सांगाडा एकदा वाकलाय. पुन्हा आदळली तर तो जोर कुठे जिरेल याचा भरवसा कोणीच देऊ शकत नाही.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, त्याच्या शेजारी बसा. ताशी साठला पूर्ण जोरात ब्रेक दाबायला सांगा. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागला की पेडल पायाखाली थरथरतं, आणि ज्याला हे माहीत नसतं तो दचकून पाय उचलतो. तो थरथराट सुरू असतानाही पाय दाबूनच ठेवायचा आणि स्टिअरिंग वळवायचं, हे एकदा अंगात भिनलं की तुमची निम्मी भीती जाईल. आणि मागे बसणाऱ्या मित्रांनीही बेल्ट लावायचा, नाही तर गाडी हलणार नाही, हा नियम तुमच्या तोंडून त्याला पहिल्याच दिवशी ऐकू येऊ दे.

प्रश्न : २०१९ची टर्बो पेट्रोल घेतोय. पंपावर सगळीकडे ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. इंजिनला त्रास होईल का? (सिडको)

उत्तर : एप्रिल २०२३पासून बनलेल्या गाड्यांचे रबर आणि प्लास्टिकचे भाग ई-२०साठीचे असतात, तुमची त्याआधीची आहे. मायलेज थोडं कमी मिळेल. इंधनाचे पाइप आणि सीलं दर सर्व्हिसला तपासून घ्या, पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष करू नका. गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवायची असेल तर टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत ओलावा धरतो.

प्रश्न : गाडी पसंत पडली, व्यवहार उद्या आहे. कागदपत्रांत काय चुकतं लोकांचं? (आडगाव)

उत्तर : गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्यासमोर घ्या. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र, दोन्ही हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. ई-चलन थकलेली आहेत का, ते गाडी नंबर टाकून आज रात्रीच बघा. वेगवान गाड्यांवर स्पीडची चलनं बरीच निघतात, ती मालकाने भरायची. २०१९च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसलीय का तेही बघा.

विम्याचं बहुतेक जण विसरतात. ट्रान्सफरनंतर १४ दिवसांत पॉलिसी तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टीचं संरक्षण आपोआप तुमच्याकडे येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा जुन्या मालकाच्या नावावरच्या पॉलिसीवर अडतो. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आधीच्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. एजंटने पन्नास टक्के बोनस धरून विम्याचा आकडा सांगितला असेल तर तो उद्या सकाळी पुन्हा काढून घ्या.